माईकवरचा आवाज

बेलसंगीच्या पोलीस ठाण्यात हवालदार सारिका मोटे यांना सगळे पाठीमागे ‘येड्यांच्या मॅडम’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण डोकं बिथरलेला माणूस बाजारात, देवळात किंवा पाण्याच्या टाकीवर सापडला की पहिला फोन मात्र त्यांनाच जाई. त्या रजेवर असल्या तरी.

एकदा आठवडी बाजारात एक माणूस कोयता घेऊन कांद्याच्या पोत्यांमध्ये बसला होता. कुणी जवळ आलं की कोयता उगारायचा. दोन शिपाई काठ्या परजून उभे, भोवती मोबाईल उंच धरलेली गर्दी. सारिका आली, तिनं शिपायांना मागं पाठवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्यापासून चार हात लांब, कुजक्या पातीच्या चिखलात सरळ मांडी घालून बसली. आपलं नाव सांगितलं. ‘जेवलास का?’ म्हणून विचारलं आणि गप्प राहिली. माणूस बोलेना. शिपाई चुळबुळायला लागले, गर्दी कंटाळून पांगायला लागली, ही आपली तशीच बसून. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, तहान लागलीय. बाटली घ्यायला हात मोकळा हवा म्हणून त्यानं कोयता खाली ठेवला.

तुम्ही नेमकं करता काय, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, ‘विचारायचं आणि थांबायचं. आपण पोलीस लोक उत्तर यायच्या आधीच दुसरा प्रश्न फेकतो. त्याच्या डोक्यात आधीच गर्दी असती. आपण आणखी एक आवाज कशाला व्हायचं?’

हे ती कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकली नव्हती. घरी शिकली होती. तिचा धाकटा भाऊ दिगंबर ढवण, म्हणजे दिगू, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना एक दिवस पुस्तक मिटून म्हणाला होता, ‘आक्का, पलीकडच्या खोलीत दोघंजण माझ्याबद्दल बोलायलेत.’ पलीकडे खोलीच नव्हती. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा गोठा होता.

मग व्हायचं ते सगळं झालं. आधी देवऋषी, मग उपास, मग कुणीतरी सांगितलं म्हणून लग्नाचा बेत, आणि सगळ्यात शेवटी सोलापूरचे सरकारी डॉक्टर. रोगाला नाव मिळालं, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी आवाज बारीक झाले, बंद झाले नाहीत. आईवडील गेल्यावर दिगू सारिकाकडेच राहिला. तिचा नवरा तोवर तिला सोडून गेला होता. घरात ही दोघंच, आणि दिगूच्या डोक्यातले ते दोघं.

ते दोघं कधी आले हे सारिकाला त्याच्या डाव्या हातावरून कळे. जपमाळेचे मणी सरकवावेत तसा त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागे. अंगठा हळू फिरत असला तर जेवण वाढायला हरकत नसे. भराभर फिरायला लागला की ती हातातलं काम टाकून त्याच्यापाशी जाऊन बसे आणि काही न बोलता बसून राही.

दिगूच्या नशिबात एक चांगली गोष्ट होती, ती म्हणजे त्याचा आवाज. बेलसंगीच्या एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचं काम त्याला कंत्राटावर मिळालं, आणि गावाला जणू नवा स्टँड मिळाला. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बार्शीमार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.’ हे वाक्य तो असं म्हणायचा, की ज्यांना पुण्याला जायचं नव्हतं तेही क्षणभर वर बघायचे. तो सारिकाला म्हणाला होता, ‘माईक चालू असला की ते दोघं गप बसतात.’ तिला देव पावल्यासारखं झालं होतं.

अशा वेळी बेलसंगीत ‘कानोसा’ आला.

कानोसा म्हणजे काड्यापेटीएवढं यंत्र. पोलिसानं ते खांद्यावर लावायचं. पुण्याच्या डॉ. अनघा हळबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं होतं. त्यामागचा विचार तसा सोपा होता. बोलताना आपल्या घशातले, जिभेचे, छातीचे कितीतरी स्नायू एकाच वेळी हलतात आणि त्या सगळ्यांची दोरी मेंदूच्या हातात असते. मेंदूत वादळ उठलं की दोरीला हिसके बसतात. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली फट लांबते किंवा नाहीशीच होते. सुरातले चढउतार सपाट होतात. स्वरतंतूंमध्ये इतका बारीक कंप येतो की माणसाच्या कानाला तो कळत नाही. एका श्वासात मावणाऱ्या शब्दांचं गणित बिघडतं. कानोसा आवाज ऐकायचा आणि शिवाय अगदी क्षीण रेडिओलहरी सोडून समोरच्या माणसाची छाती कशी वरखाली होते ते पाहायचा. मग हजारो माणसांच्या संभाषणांशी ताडून एक दिवा लावायचा. हिरवा म्हणजे मन ठिकाणावर आहे. पिवळा म्हणजे सांभाळून. जांभळा म्हणजे हा माणूस आजारी आहे, काठी खाली ठेवा, मागं सरा, मनोरुग्णांसाठीच्या मानस पथकाला बोलवा. माणूस काय बोलतो याच्याशी कानोसाला देणंघेणं नव्हतं. कसं बोलतो एवढंच तो ऐकायचा.

आणि त्याला हे शिकवण्यासाठी जी संभाषणं वापरली होती, त्यात शेकडो संभाषणं एकट्या सारिकाची होती. डॉ. हळबे कितीतरी महिने तिच्या मागं हिंडल्या. ती चिखलात बसली की त्याही साडीचा विचार न करता बसत. एकदा चहा पिताना म्हणाल्या, तुम्हाला निवृत्त व्हायचंय ना कधीतरी? मग हे सगळं कुणाला द्याल? सारिकाला ते पटलं. तिच्या आयुष्यात तिच्या कामाची कुणी एवढी कदर केली नव्हती.

यंत्र चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर सगळा दोष त्याच्या माथी मारून आपण मोकळे व्हायचो. त्याच्याआधी आमचे शिपाई माणूस पारखायचे ते कपड्यांवरून. कपडे मळके म्हणजे वेडा, तोंडाला वास म्हणजे दारुडा, इस्त्रीचा शर्ट म्हणजे शहाणा. इस्त्रीच्या शर्टातल्या आजाऱ्याला माजलेला समजून ते झोडपायचे आणि मळक्या कपड्यातल्या भुकेल्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळाच्या गाडीत कोंबायचे. कानोसा आल्यावर ते थांबलं. जिल्ह्यात कितीतरी माणसं केवळ एका जांभळ्या दिव्यामुळे मार खाण्यापासून वाचली. सारिकाला बढतीबरोबर प्रशिक्षकाचं काम मिळालं. नव्या शिपायांना ती कानोसा शिकवू लागली.

मग आली जांभळी नोंद. एकदा दिवा जांभळा लागला की त्या माणसाच्या नावापुढे राज्यभर तशी खूण राही, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या गावातला पोलीससुद्धा त्याच्याशी जपून वागेल. हेतू चांगलाच होता. वाईट हेतूनं केलेली गोष्ट निदान ओळखू तरी येते. ही खूण आधी पोलीस बघायचे, मग सरकारी दवाखानेही तिला जोडले गेले, मग घरमालक विचारू लागले, मग कारखाने. शेवटी नियमच झाला की गर्दीच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकानं ठाण्यात येऊन कानोसासमोर थोडं बोलून जायचं. ज्याचा दिवा जांभळा लागेल त्याचं काम गेलं.

स्टँडच्या कंत्राटदारानं दिगूला ठाण्यात जाऊन यायला सांगितलं, त्या संध्याकाळी सारिका प्रशिक्षणाचं, कुठंही नोंद न करणारं यंत्र पिशवीत घालून घरी आली.

सोलापूरच्या दवाखान्यात दर महिन्याला दिगूला नेणं तिनं आधीच बंद केलं होतं. तिथल्या नोंदी आता पोलिसांकडे जात. जुन्या चिठ्ठीवर ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या आणायच्या असं तिनं ठरवलं होतं. थोडे दिवस, एवढी पडताळणी होईपर्यंत, असं ती स्वतःला सांगायची. पुढे ते तसंच चालू राहिलं.

स्वयंपाकघरात तिनं यंत्र डब्यावर ठेवलं आणि दिगूला समोर बसवलं. नाव काय, राहता कुठं, काम काय करता. दिगू बोलला, दिवा जांभळा. पाणी पिऊन पुन्हा बोलला, पुन्हा जांभळा. त्याचा अंगठा पेरांवरून धावायला लागला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ती थांबत आली होती, पण त्या दिवशी तिला घाई होती. माईकशिवाय दिगूचं काय होईल हे तिला ठाऊक होतं. दिवसभर तो त्या दोघांबरोबर घरात एकटा राहिला असता.

तिला एकदम सुचलं. भाजीचा डाव त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, ‘दिगू, हा माईक धर. आता सांग.’

दिगू ताठ बसला. त्यानं छाती भरून श्वास घेतला. ‘नाव दिगंबर शिवाजी ढवण. राहणार कोष्टी गल्ली, बेलसंगी. मी ठीक आहे. मी सहकार्य करत आहे.’

फलाट क्रमांक दोनवर गाडी लागावी तितकं ते स्वच्छ आलं. दिवा हिरवा झाला.

दोघं लहान मुलांसारखी हसली. कित्येक वर्षांत दिगू असा हसला नव्हता. सारिकानं कोपऱ्यावरच्या दुकानातून बालुशाही आणली. मग डावाशिवाय सराव झाला, उभं राहून झाला, दारात झाला, ती अंगावर खेकसत असतानाही झाला. दर वेळी हिरवाच. निजण्याआधी तिनं त्याला बजावलं, ‘वर्दी दिसली की असंच बोलायचं. कुठलाबी पोलीस असूंदे. काहीबी होऊंदे. ह्याच आवाजात.’

‘तूबी वर्दीत असलीस तर?’

‘मी असले तरी,’ ती म्हणाली. ती चेष्टेतच म्हणाली होती.

ठाण्यातली पडताळणी चुटकीसरशी झाली. ठाणे अंमलदार तर म्हणाले, काय आवाज आहे हो, आकाशवाणीत का नाही गेला. सारिका बाजूला उभी राहून हसली.

तेव्हापासून प्रशिक्षणाच्या वर्गातलं तिचं बोलणं थोडं बदललं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल इतकं थोडं. एकदा रणजित खपाले नावाचा एक नवा शिपाई उठला. शेजारच्या तालुक्याचा, शांत, वहीत नीट लिहून घेणारा. त्यानं विचारलं की दिवा हिरवा आहे पण आपल्याला आतून काहीतरी वेगळं वाटतंय, समोरच्याचे डोळे, हात, उभं राहणं बरोबर वाटत नाहीये, तर काय करायचं.

प्रश्न चांगला होता. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून पूर्वीच्या सारिकानं जीव टाकला असता. पण हिरव्या दिव्यापलीकडे बघायला हे पोरगे शिकले, तर त्यांच्यातला एखादा उद्या स्टँडवर दिगूकडेही बघेल, हे तिच्या डोक्यात आधी आलं.

‘आतलं वाटणं घरी ठेवून यायचं,’ ती म्हणाली. ‘हिरवा म्हणजे हिरवा. मग तो माणूस शहाणा आहे असं धरूनच चालायचं. दोनदा सांगायचं, नाही ऐकलं तर हलवायचं.’

रणजितनं ते लिहून घेतलं.

नवरात्रात बेलसंगीचा स्टँड तुळजापूरच्या गाड्यांनी ओसंडून वाहतो. भवानीला निघालेल्या बाया, परड्या, पोतराजांचे ढोलके, गाडीच्या टपापर्यंत चढलेला आरडाओरडा. त्या वर्षीही तसंच होतं. बंदोबस्ताला आजूबाजूच्या ठाण्यांतून पोलीस मागवले होते, त्यांत रणजित होता. दिगू सकाळपासून खोलीत बसून घोषणा देत होता. त्याच्या गोळ्या जुन्याच होत्या आणि आजार मात्र पुढं गेला होता. गेले काही दिवस माईक चालू असतानाही ते दोघं बोलायला लागले होते. हे त्यानं सारिकाला सांगितलं नव्हतं. ती घरी यायची ती वर्दीत, आणि वर्दीसमोर ‘मी ठीक आहे’ म्हणायचं असं ठरलं होतं.

दुपारच्या सुमारास ते दोघं त्याला म्हणाले, तुळजापूरच्या गाडीला ब्रेक नाहीत. घाटात जाणार ती.

दिगू उठला, खोलीतून बाहेर आला आणि सुटायला निघालेल्या गाडीसमोर जाऊन उभा राहिला. यात त्याचा काय दोष? त्याच्या लेखी त्या गाडीत पन्नास-साठ माणसं मरायला निघाली होती आणि ते त्या एकट्यालाच ठाऊक होतं. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. आतले लोक शिव्या द्यायला लागले. रणजित गर्दीतून वाट काढत आला आणि बाजूला हो म्हणाला. दिगूनं वर्दी पाहिली, ताठ झाला, छाती भरून श्वास घेतला.

‘नाव दिगंबर शिवाजी ढवण. राहणार कोष्टी गल्ली, बेलसंगी. मी ठीक आहे. मी सहकार्य करत आहे.’ आणि त्याच आवाजात, तसूभरही न हलता, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तुळजापूरला जाणारी गाडी सुटणार नाही. गाडीला ब्रेक नाहीत. प्रवाशांनी कृपया खाली उतरावे.’

हा आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा होता. या आवाजावर लोक रोज विश्वास ठेवून फलाट बदलत. गाडीत एकच गोंधळ उडाला. लोक दारात चेंगरले, कडेवर मूल असलेली एक बाई पायरीवरून खाली आली आणि तिच्या अंगावर आणखी दोघे पडले. रणजितनं खांद्याकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. म्हणजे हा शहाणा माणूस ऐन यात्रेच्या गर्दीत मुद्दाम अफवा पसरवतोय.

त्यानं दोनदा सांगितलं. मग दिगूचा डावा हात धरून पाठीमागे वळवला. दिगूनं झटापट केली नाही, पण तो हात मात्र सोडवायला लागला, कारण त्या हाताची बोटं त्याला मोजायची होती. रणजितला तो प्रतिकार वाटला. आणखी दोन शिपाई धावून आले. चौघेही एकदम खाली गेले, दिगूचं कोपर फलाटाच्या कडेवर आपटलं आणि मोडलं. त्याचा गाल खडीत दाबलेला होता. तोंडात माती होती. तरी तो त्याच आवाजात सांगत होता की प्रवाशांनी कृपया खाली उतरावे. दिवा शेवटपर्यंत हिरवाच राहिला.

स्टँडवरच्या रसवंतीवाल्यानं सारिकाला फोन केला होता. ती पोचली तेव्हा दिगूला गाडीत घालत होते. ती लोकांना ढकलत त्याच्यापर्यंत गेली, ‘दिगू’ म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे, खांद्याकडे.

‘नाव दिगंबर शिवाजी ढवण,’ तो म्हणाला.

तिच्या खांद्यावरचा दिवाही हिरवा झाला.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घालेपर्यंत रणजित बाहेर बाकावर बसून होता. हा मॅडमचा भाऊ हे त्याला नंतर कळलं होतं. सारिका बाहेर आली तसा तो उभा राहिला.

‘मॅडम, हिरवा होता,’ तो म्हणाला.

सारिका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

‘त्यांच्या हाताकडं माझं लक्ष गेलं होतं. अंगठा सारखा फिरत होता. मला वाटलं होतं, ह्या माणसाला काहीतरी होतंय. वाटलं होतं मला, मॅडम. पण तुम्ही म्हणाला होता...’

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. तुझी चूक नाही असं म्हणायला हवं होतं. ते तिला जमलं नाही, कारण ते म्हटलं की मग कुणाची हेही म्हणावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत तिला गोळा करायला पुढचे काही दिवस लागले. रणजित मान खाली घालून निघून गेला. त्याच्या जागी ती असती तर तिनं अंगठा ओळखला असता. त्यानंही ओळखला होताच. तिनंच त्याला विसरायला शिकवलं होतं.

चौकशीत रणजित निर्दोष ठरला. त्यानं सगळं शिकवल्याप्रमाणे केलं होतं आणि कानोसाची ध्वनिफीत त्याला साक्ष होती. सारिकानं आपण होऊन साहेबांपुढे सगळं सांगितलं, डावाच्या माईकसकट. तिचं प्रशिक्षकपद गेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

डॉ. हळबे पुण्याहून भेटायला आल्या. त्या रागावल्या नाहीत, ते तिला जास्त लागलं. कीर्तनकार, निवेदक, लिलाव पुकारणारे, ज्यांचा श्वास आणि सूर कमावलेला असतो त्यांच्यापुढे यंत्र आंधळं आहे हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. पुढच्या आवृत्तीत ते सुधारता येईल. फक्त दिगंबरचे दोन्ही आवाज हवेत. माईकवरचा, आणि साधा, घरातला. दोन्हींमधला फरक यंत्राला शिकवला की झालं.

‘साधा आवाज माझ्याकडंबी नाही आता,’ सारिका म्हणाली.

डॉ. हळब्यांना ते कळलं नाही. कळावं तरी कसं?

दिगूला आता पुन्हा सोलापूरला नेत होते. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, स्टँडचं काम तर गेलंच होतं. पण डॉक्टर विचारत, आवाज येतात का, झोप लागते का, भीती वाटते का, आणि दिगू ताठ बसून सांगे की तो ठीक आहे, तो सहकार्य करत आहे. डॉक्टर शेवटी सारिकाला बाजूला घेऊन म्हणाले की हा मला काही सांगतच नाही. आतलं कळल्याशिवाय गोळ्या वाढवू किती आणि कमी करू किती? तुम्ही घरच्या आहात, तुम्ही विचारून बघा.

त्या दिवशी घरी आल्यावर सारिकानं वर्दी बदलली. आईचं जुनं लुगडं पेटीत होतं, ते नेसली, म्हणजे पोलिसाची काही खूणच राहायला नको. चहा केला. दिगू पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. ती त्याच्यापासून चार हात लांब, जमिनीवर, मांडी घालून बसली. कपबशी त्याच्याकडे सरकवली.

‘दिगू,’ ती म्हणाली, ‘हात दुखतोय का रे?’

‘नाव दिगंबर शिवाजी ढवण,’ दिगू म्हणाला. ‘राहणार कोष्टी गल्ली, बेलसंगी. मी ठीक आहे.’

आवाज सुरेख होता. त्यात ओरखडाही नव्हता. कानोसा कपाटात बंद होता, पण असता तर कुठला दिवा लागला असता हे तिला न बघता माहीत होतं.

तिनं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. प्लास्टरमधून बोटं आणि अंगठा बाहेर होते, डॉक्टरांनी मुद्दाम मोकळे ठेवलेले. पण दिगूनं त्या हातावर टॉवेल टाकला होता. नीट, चारी बाजूंनी दाबून, आत काय चाललंय ते कुणाला दिसू नये असा. हे तिनं त्याला शिकवलं नव्हतं. हे तो स्वतःचं स्वतः शिकला होता.

टॉवेल उचलणं तिला अवघड नव्हतं. तिनं उचलला नाही. विचारून झालं होतं. चहावर साय धरायला लागली होती, बाहेर कुणाच्या तरी दारात पाण्याचा नळ चालू होता, आणि ती गप्प बसून राहिली, तो ‘आक्का’ म्हणेल म्हणून.